मास्क धुतला तरच कामाचा

दाराजवळच्या खिळ्याला अडकवलेला कापडी मास्क आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत अजून दिसतो. सकाळी घरधनी तो लावून कामावर जातो. दुपारी तोच मास्क मुलगा रेशनच्या रांगेत नेतो. संध्याकाळी आजीला दवाखान्यात जायचे असते, तेव्हा तिच्याही नाकावर तोच चढतो. घर एक, मास्क एक, आणि धुणे आठवड्यातून एकदा, तेही कुणाला आठवले तर. विचारले की उत्तर ठरलेले असते, "चांगला तर आहे, कुठे मळलाय?"

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. सक्ती त्याआधीच गेली होती. तरी मास्कचे काम संपलेले नाही. घरात टीबीचा रुग्ण असतो. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात खोकणाऱ्यांच्या रांगेत दोन-दोन तास बसावे लागते. आपल्यातल्या कितीतरी बाया-माणसांचे काम रस्ता झाडण्याचे, कचरा वेगळा करण्याचे, बांधकामावर सिमेंट-विटा वाहण्याचे आहे. सहा डिसेंबरला दादरला किंवा दसऱ्याला नागपूरला जाताना जनरल डब्यात माणसाला माणूस खेटून असतो. अशा ठिकाणी मास्क लावणे शहाणपणाचेच आहे. पण तो मास्क स्वच्छ, कोरडा आणि त्या कामासाठी योग्य असला पाहिजे. नाहीतर तोंडावर केवळ एक मळके फडके बांधल्यासारखे होते, आणि "आपण मास्क लावला आहे" या खोट्या भरवशावर माणूस जास्त धोका पत्करतो.

धुण्याने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. व्हिएतनाममधील हनोई शहरात २०११ साली १४ रुग्णालयांतील १,६०७ कर्मचाऱ्यांवर एक मोठा अभ्यास झाला. काहींना रुग्णालयात वापरतात तसे एकदा वापरून टाकायचे मास्क दिले, तर काहींना कापडी मास्क. कापडी मास्क मिळालेल्या प्रत्येकाला पाच-पाच मास्क देऊन ते रोज साबणाने धुवायला सांगितले होते. निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. कापडी मास्क वापरणाऱ्यांत श्वसनाचे आजार जास्त निघाले. जगभर त्याचा अर्थ असा लावला गेला की कापडी मास्क टाकाऊ आहे.

पण त्याच संशोधकांनी २०२० मध्ये जुनी माहिती पुन्हा तपासली आणि वेगळा प्रश्न विचारला : हे मास्क धुतले कुणी? तेव्हा असे दिसले की ज्यांचे कापडी मास्क रुग्णालयाच्या धुलाई विभागात धुतले जात होते, त्यांच्यात आणि वैद्यकीय मास्क वापरणाऱ्यांत संसर्गाच्या बाबतीत मोठा फरक नव्हता. ज्यांनी आपले मास्क स्वतः हाताने धुतले, त्यांच्यात मात्र संसर्गाचा धोका दुपटीहून जास्त होता.

यावरून हाताने धुणे वाईट, असे समजू नका. आपण सारे आयुष्य हातानेच धुणे धुतो. रुग्णालयाच्या धुलाईत गरम पाणी असते, साबण पुरेसा असतो, वेळ ठरलेला असतो आणि कापड पूर्ण वाळूनच बाहेर येते. दमून घरी आलेला माणूस मास्क नळाखाली धरतो, दोनदा चोळतो आणि पिळून टांगतो. दोन्ही धुण्यांत फरक आहे तो इथे. गरम पाणी, साबण, वेळ आणि पूर्ण वाळवण या चार गोष्टी आपल्या मोरीतही जमवता येतात.

मास्कमध्ये काय असते?

चांगल्या कापडी मास्कला तीन थर असावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२० मध्ये सांगितले. तोंडाला लागणारा आतला थर घाम आणि लाळ टिपून घेणारा, म्हणजे सुती. बाहेरचा थर पाणी लवकर न शोषणारा, पॉलिस्टरसारखा. मधला थर गाळण्याचे काम करणारा. मधल्या थरासाठी पॉलिप्रॉपिलीनचे न विणलेले कापड सुचवले आहे. दुकानात जे 'नॉन-वोव्हन' म्हणून मिळते आणि ज्याच्या पिशव्या आपण पाहिल्या आहेत, त्याच जातीचे हे कापड.

हे थर लक्षात ठेवायचे कारण म्हणजे धुण्याच्या आणि इस्त्रीच्या चुका इथेच होतात. सुती कापड उकळले, कडक इस्त्री केली तरी त्याचे काही बिघडत नाही. न विणलेल्या कापडाला तापलेली इस्त्री लागली तर ते आकसते, वितळते आणि इस्त्रीला चिकटते. तेव्हा मधला थर कसला आहे हे शिवणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला विचारून घ्या. माहीत नसेल तर इस्त्री टाळा.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. मास्क ओला झाला की त्यातून श्वास घ्यायला जड जाते. मग हवा कापडातून न येता नाकाच्या आणि गालाच्या बाजूच्या फटींतून आत येते. म्हणजे मास्क तोंडावर असतो, पण हवा गाळली जात नाही. घामाने किंवा पावसाने ओला झालेला मास्क दिवसात मध्येच बदलावा तो यासाठी. कामावर जाताना एक जादा मास्क कागदाच्या पाकिटात न्या, आणि उतरवलेला ओला मास्क वेगळ्या पिशवीत घरी आणा. तंबाखूच्या पुडीबरोबर खिशात, कमरेला खोचून किंवा भाजीच्या पिशवीत तो ठेवू नका.

रोजचे धुणे, आपल्या मोरीत

पाण्याचा नळ तासभर येतो, गॅस जपून वापरावा लागतो, वाळत घालायला दोरीही सामायिक असते. हे सगळे धरूनच पुढची पद्धत सांगत आहोत.

१. घरी आल्यावर मास्क दोरीला किंवा इलॅस्टिकला धरून काढा. पुढच्या भागाला हात लावू नका. काढल्यावर हात साबणाने धुवा.

२. मास्कमध्ये फिल्टर असेल तर आधी बाहेर काढा. नाकावरची तार काढता येत असेल तर तीही काढून ठेवा, म्हणजे गंजणार नाही.

३. एका जुन्या पातेल्यात किंवा डब्यात साबणाचे पाणी करा आणि सगळ्यांचे मास्क त्यात बुडवून ठेवा. धुण्याची साधी वडी किंवा पावडर पुरते, महाग द्रावणाची गरज नाही. पाच मास्कांना दोन तांबे पाणी पुष्कळ होते.

४. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही बाजूंनी चोळा. घडीत, शिवणीत आणि इलॅस्टिकच्या टोकाशी मळ धरतो, तिथे बोटाने घासा. ब्रश मारू नका, कापड विरते.

५. साबण पूर्ण जाईपर्यंत खळबळा. साबण राहिला तर तोंडाला खाज सुटते, पुरळ येते, आणि मग माणूस मास्क लावणेच सोडतो. खळबळलेले पाणी मोरी किंवा संडास धुवायला वापरा.

६. शक्य असेल तर गरम पाण्यात धुवा. जागतिक आरोग्य संघटना ६० अंशांपर्यंत तापलेले पाणी सांगते. एवढ्या पाण्यात हात घालता येत नाही, म्हणून काठीने हलवा. गरम पाणी नसेल तर साध्या पाण्याने साबण लावून धुतल्यावर मास्क एक मिनिट उकळत्या पाण्यात ठेवा.

७. पिळून, झटकून, पसरून वाळत घाला. चुरगळलेला मास्क आतून ओलाच राहतो.

केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मार्च २०२० मध्ये घरगुती मास्कवर एक पुस्तिका काढली होती. त्यात आणखी उपाय आहेत : साबणाने धुऊन कडक उन्हात निदान पाच तास वाळवणे, किंवा प्रेशर कुकरमध्ये पाण्यात दहा मिनिटे उकळणे, किंवा धुतल्यावर पाच मिनिटांपर्यंत इस्त्री फिरवणे. कुकरची सोय प्रत्येक घरात नसते, आणि ज्यात भात शिजवायचा त्यात मास्क उकळायला मन घेत नाही. एक जुने पातेले फक्त या कामासाठी बाजूला काढा. अंघोळीचे पाणी तापवून झाले की त्याच आचेवर ते ठेवता येते, वेगळा गॅस लागत नाही.

उन्हाळ्यात पत्र्यावर ऊन चांगले मिळते, पण नुसते ऊन दाखवणे म्हणजे धुणे नव्हे. उन्हात ठेवला तरी मळ आणि वाळलेली लाळ कापडातच राहते. आधी साबण, मग ऊन.

पावसाळ्यातले गणित

खरी परीक्षा जून ते सप्टेंबरात होते. खोलीत दोरी बांधून घातलेला मास्क दोन दिवस दमट राहतो आणि त्याला कुबट वास येतो. कुबट वास म्हणजे त्यात बुरशी आणि जिवाणू वाढू लागले आहेत. असा मास्क लावायचा नाही, पुन्हा साबणाने धुवायचा आणि उकळायचा.

म्हणून पावसाळ्यात माणशी तीन मास्क धरा : एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत. एरवी दोन चालतात. पंख्याखाली, भिंतीपासून हातभर लांब, चिमट्याने एका टोकाला धरून टांगा. चुलीच्या किंवा शेगडीच्या वर टांगू नका. धूर आणि फोडणीची वाफ कापडात बसते, शिवाय आग लागायची भीती. पूर्ण सुती मास्क अर्धवट वाळल्यावर इस्त्रीने कोरडा करा. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला चार मास्क एकदम दिले तर तोही नाही म्हणत नाही.

मास्क नेमका वाळला की नाही हे हाताला कळत नसेल तर तो ओठांना किंवा गालाला लावून बघा. थंड लागला तर अजून ओला आहे.

या गोष्टी करू नका

सॅनिटायझर किंवा अत्तर फवारून मास्क 'ताजा' करू नका. मळ जात नाही आणि वाफ मात्र छातीत जाते. मास्क गॅसच्या ज्योतीवर शेकू नका.

ब्लीच वापरायचेच असेल तर ते अगदी पातळ हवे. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले प्रमाण ०.१ टक्का क्लोरीन आहे, आणि तेही साध्या पाण्याने साबण लावून धुतल्यावर, एक मिनिट भिजवण्यापुरते. त्यानंतर मास्क भरपूर पाण्यात खळबळायचा. घरी हे प्रमाण मोजणे अवघड, म्हणून उकळणे सोपे आणि सुरक्षित. आणि ब्लीच संडास साफ करण्याच्या ॲसिडमध्ये चुकूनही मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. लहानशा मोरीत तो जीवघेणा ठरू शकतो.

एकाचा मास्क दुसऱ्याने लावू नये. प्रत्येकाच्या मास्कला वेगळ्या रंगाचा दोरा टाका किंवा कोपऱ्यात नावाचे अक्षर शिवा. लहान मुलालाही आपला रंग ओळखता येतो.

फिल्टर : धुवायचा की फेकायचा?

काही कापडी मास्कांना आत खिसा असतो आणि त्यात फिल्टर सरकवतात. इथे पुष्कळ गोंधळ होतो, म्हणून एकेक प्रकार घेऊ.

कागदी रुमाल किंवा टिश्यू हा एकदाच वापरायचा. ओला झाला की लगेच बदला. तो धुवायचा प्रश्नच नाही.

'पीएम २.५' असे छापलेले चपटे फिल्टर बाजारात मिळतात. त्यांत न विणलेल्या कापडाचे काही थर असतात, आणि मध्ये बहुतेक वेळा काळा थर असतो. हा काळा थर कोळशाचा, म्हणजे ॲक्टिव्हेटेड कार्बनचा. तो काही वास आणि वाफा शोषतो. धूळ आणि जंतू अडवण्याचे काम त्याचे नसून शेजारच्या थरांचे आहे. हा फिल्टर धुतला की थर सुटतात आणि कोळशाची पूड निघते. म्हणून तो धुवायचा नाही. मळला, ओला झाला, वास येऊ लागला किंवा श्वास जड जाऊ लागला की बदलायचा. पाकिटावर बदलण्याची मुदत लिहिलेली असेल तर ती पाळायची.

शिवून टाकलेला न विणलेल्या कापडाचा थर मास्कबरोबर धुतला जातो. मऊ हाताने धुवा, पिरगाळू नका. त्याला केस फुटू लागले, भोके दिसू लागली की मास्क बदला.

घरातल्या सफाईयंत्राची पिशवी किंवा एसीची जाळी कापून फिल्टर करण्याच्या युक्त्या मोबाइलवर फिरतात. त्या करू नका. ही वस्तू नाकाशी धरून श्वास घेण्यासाठी बनवलेली नसते, आणि काहींत काचेचे बारीक धागे असू शकतात.

आणखी एक गोष्ट. फिल्टर खिशापेक्षा लहान असेल तर हवा त्याच्या कडेने निघून जाते. फार जाड असेल तर हवा मास्कच्या कडेने येते. फिल्टर कितीही महागाचा असो, मास्क नाकावर आणि गालावर नीट बसला नाही तर पैसे वाया. नाकावरची तार दाबा, दोऱ्यांना गाठ मारून घट्ट करा, मग श्वास सोडून बघा. चष्मा धुरकट झाला किंवा डोळ्यांना वारा लागला तर वरून फट आहे.

एन-९५ धुवायचा नाही

एन-९५ मास्क दिसायला कापडासारखा असला तरी त्याची रीत वेगळी आहे. त्याच्या आतल्या बारीक तंतूंवर विजेचा स्थिर भार दिलेला असतो. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे ओढतो, तसे हे तंतू बारीक कण ओढून धरतात. म्हणूनच तो नीट बसला तर ०.३ मायक्रॉनचे कणसुद्धा निदान ९५ टक्के अडवतो आणि तरी श्वास घेता येतो. साबण किंवा सॅनिटायझर लागले की हा भार नाहीसा होतो. मास्क दिसायला नवा राहतो, पण त्याची ताकद गेलेली असते. उकळला किंवा इस्त्री केली तर आकारही बिघडतो.

मग पुन्हा वापरायचा कसा? कोरोनाच्या टंचाईत अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने आरोग्य कर्मचाऱ्यांना सांगितलेली पद्धत घरीही जमते. पाच मास्क, पाच कागदी पाकिटे, प्रत्येकावर वाराचे नाव. सोमवारचा मास्क वापरून पाकिटात ठेवायचा आणि त्याची पाळी पुन्हा येईपर्यंत तो हवेशीर, कोरड्या जागी राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओलावा कोंडतो. साधारण पाच वेळा वापरल्यावर, किंवा त्याआधी पट्टे सैल झाले, मास्क मळला वा ओला झाला तर तो टाकून द्या.

पुढे गोल झडप असलेला एन-९५ लावणाऱ्याला हवा गाळून देतो, पण त्याने सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो. खोकणाऱ्या माणसाने झडपेचा मास्क लावला तर शेजाऱ्याला काही संरक्षण नाही. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने जुलै २०२० मध्ये राज्यांना हाच इशारा दिला होता.

कोणत्या कामाला कोणता मास्क?

मास्कची निगा राखणे जितके महत्त्वाचे, तितकेच त्याची मर्यादा ओळखणे. कापडी मास्क कुठे पुरतो आणि कुठे अजिबात पुरत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असले पाहिजे.

सर्दी, खोकला, गर्दीचा प्रवास : स्वच्छ, तीन थरांचा कापडी मास्क काही नसण्यापेक्षा बरा. एकदा वापरायचा वैद्यकीय मास्क त्याहून बरा. बांगलादेशात २०२०-२१ मध्ये ६०० गावांत झालेल्या मोठ्या अभ्यासात वैद्यकीय मास्क वाटलेल्या गावांत कोरोनाचा त्रास स्पष्टपणे कमी दिसला, कापडी मास्कच्या बाबतीत तेवढी खात्री देता आली नाही.

घरात टीबी : जगातल्या टीबी रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि दाट वस्तीत, एका खोलीत राहणाऱ्यांना त्याचा धोका जास्त. रुग्णाने मास्क लावला की त्याच्या खोकल्याचे थेंब तिथेच अडतात. त्यासाठी वैद्यकीय किंवा स्वच्छ कापडी मास्क कामाचा आहे. पण सेवा करणाऱ्याने स्वतःला वाचवण्यासाठी कापडी मास्कवर विसंबू नये, त्याला एन-९५ हवा. रुग्णाचा मास्क झटकू नका, सरळ साबणाच्या पाण्यात टाका, वेगळा धुवा आणि दहा मिनिटे उकळा. दार-खिडकी उघडी ठेवा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर मास्क शोधत बसू नका, आधी थुंकीची तपासणी करा. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधे मोफत आहेत, आणि नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला पोषणासाठी महिना १,००० रुपये मिळतात.

झाडलोट, कचरा, बांधकाम : जाड धूळ आणि केरकण कापडी मास्क अडवतो. पण दगड, फरशी, काँक्रीट कापताना किंवा फोडताना उडणारी सिलिकाची धूळ इतकी बारीक असते की ती कापडातून आत जाते आणि फुप्फुसात बसते. त्यातून होणाऱ्या सिलिकोसिसवर बरे करणारे औषध नाही. तिथे किमान एन-९५ हवा, आणि कापताना पाणी मारून धूळ दाबली पाहिजे. धुळीने भरलेला मास्क घरात आणून झटकू नका. ती धूळ मुलांच्या नाकात जाते. बाहेरच पाण्यात बुडवा आणि घरच्या कपड्यांपासून वेगळा धुवा.

गटार, मैलाटाकी, मॅनहोल : इथे स्पष्ट सांगितले पाहिजे. कापडी मास्क, काळ्या फिल्टरचा मास्क, एन-९५, यांपैकी कशानेही गटारातला वायू अडत नाही. सडलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू वाढला की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते. माणसाला वाटते वास गेला, धोका टळला, आणि तो कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. शिवाय आत प्राणवायूच कमी असतो, आणि मास्क प्राणवायू निर्माण करत नाही. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने अशा धोकादायक सफाईसाठी माणसाला उतरवणे गुन्हा ठरवले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये गटारातील मृत्यूसाठी भरपाई ३० लाख रुपये केली. ठेकेदार "मास्क लाव आणि उतर" म्हणाला तर उत्तर एकच : उतरायचे नाही. त्याने दिलेला मास्क म्हणजे सुरक्षा साधन नव्हे.

मुले आणि आजारी माणसे

दोन वर्षांखालच्या बाळाला मास्क कधीही बांधू नका. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना त्याची सक्ती नको, असे जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. मुलांसाठी लहान मापाचा मास्क शिवा. मोठ्या माणसाचा मास्क गाठी मारून मुलाला लावला तर कडेला फटी राहतात. दम्याच्या किंवा धाप लागणाऱ्या माणसाला मास्कने कोंडल्यासारखे झाले तर मास्क लगेच काढून मोकळ्या हवेत बसवा. झोपताना आणि धावताना मास्क नको.

मास्क कधी टाकावा आणि कसा?

उजेडाकडे धरून बघा. कापड विरून उजेड आरपार दिसू लागला, शिवण उसवली, इलॅस्टिक सैल पडून मास्क नाकावरून घसरू लागला, की त्याचे दिवस भरले. सारखे उकळल्याने इलॅस्टिक लवकर जाते. मास्क चांगला असेल तर इलॅस्टिक काढून सुती नाडी लावा, तेवढ्याने त्याचे आयुष्य वाढते. पूर्ण विरलेला सुती मास्क धुऊन, उकळून फडके म्हणून वापरा.

वैद्यकीय मास्क, एन-९५ आणि वापरलेले फिल्टर टाकताना मात्र ते कुणाच्या हाताला लागणार आहेत हे आठवा. कचऱ्याच्या गाडीवर आणि वर्गीकरणाच्या शेडमध्ये काम करणाऱ्या बाया आपल्याच वस्तीतल्या असतात. सुटा टाकलेला मास्क त्यांना उघड्या हाताने उचलावा लागतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने कोरोनाच्या काळात सांगितले होते की घरातले वापरलेले मास्क कापून, कागदी पिशवीत निदान ७२ तास ठेवून मगच सुक्या कचऱ्यात द्यावेत. कापायचे यासाठी की कुणी ते उचलून, धुऊन पुन्हा विकू नयेत. ही सवय आजही सोडण्याचे कारण नाही. कागदात गुंडाळा, वर खूण करा आणि कचरा घेणाऱ्या ताईंच्या हातात देताना सांगा, "यात मास्क आहेत."

या आठवड्यात एवढे करा

घरातले सगळे मास्क एका जागी काढा. उजेडाला धरून विरलेले बाजूला करा. जे चांगले आहेत ते धुऊन, उकळून, उन्हात वाळवा. माणशी दोन आणि पावसाळ्यासाठी तीन, असा हिशेब बसतो का बघा. कमी पडत असतील तर जुन्या सुती साडीच्या किंवा मांजरपाटाच्या कापडाचे शिवा. त्या सरकारी पुस्तिकेत मोठ्यांसाठी ९ इंच बाय ७ इंच आणि मुलांसाठी ७ इंच बाय ५ इंच असे माप दिले आहे. कापड शिवण्याआधी पाच मिनिटे उकळून वाळवून घ्या, म्हणजे नंतर आटणार नाही. वस्तीत शिलाई मशीन असलेली ताई असतेच. पाच-सहा घरांनी मिळून कापड आणले तर स्वस्त पडते.

आणि ज्यांच्या कामात धूळ, कचरा किंवा रसायन आहे, त्यांनी मास्क घरून नेण्याआधी मुकादमाकडे मागावा. कामाची सुरक्षा साधने देणे ही काम देणाऱ्याची जबाबदारी आहे. मागणी तोंडी न करता चार-पाच जणांच्या सहीने लेखी द्या आणि एक प्रत जवळ ठेवा. घरचा धुतलेला मास्क आपले आणि शेजाऱ्याचे रक्षण करील, पण जिथे कापड पुरत नाही तिथे त्यावर समाधान मानून आपला जीव स्वस्त करू नका.